पाहुण्यांजोगतं हाटेल

"दहाची एस.टी. हाय, हे मले तीनदा सांगून झालं," मनकर्णाबाई म्हणाली. "मी कावून जाऊ, ते सांग."

पंजाबरावनं तेही सांगून झालं होतं. आता तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पुन्हा सांगू लागला. मुंबईचे वामनराव आज बाराला बडनेऱ्याला उतरणार होते. गिरणीत मोठे इंजिनिअर, वर आठ महिने इटलीत राहून आलेले. मुलाची, श्रावणची नोकरी त्यांच्या एका शब्दावर होती. तेव्हा बाईनं दोन दिवस अंजनगावला मावसबहिणीकडे जाऊन यावं, हवापालट होईल.

"वैशाखात अंजनगावले हवापालट," मनकर्णाबाई म्हणाली. "मी घरात दिसली का पोराची नोकरी पयते का?"

पंजाबरावनं दाराकडे मान वळवली. दाराशी त्याची बायको वच्छला गाठोडं घेऊन उभीच होती. लुगडं, चोळी, मिश्रीची डबी, सगळं बांधून तयार. नणंदेचं गाठोडं बांधायचा तिला आठ वर्षांचा सराव होता.

आठ वर्षांपूर्वी जिनिंग फॅक्टरीचे नागपूरचे साहेब घरी चहाला आले होते. पंजाबराव तिथं हेडक्लार्क. मनकर्णाबाईनं चहा पुढे ठेवला आणि साहेबांना विचारलं, "कावून बाप्पा, इतके वाळले? घरची जेवाले घालत नाई का?" साहेब खोखो हसले. पंजाबराव मात्र त्या दिवशी जो लाजला तो लाजलाच. तेव्हापासून धोतरातला पाहुणा आला तर बाई घरात चाले, पॅन्टीतला आला की तिची रवानगी अंजनगावला.

मनकर्णाबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा हा पंजाबराव नऊ वर्षांचा होता आणि त्याचं नाक गळत असे. तिनं ते पुसलं, त्याला मॅट्रिक होईस्तोवर रांधून घातलं, त्याचं लग्न लावलं. आता तो टेरिलीनचा सदरा घाली आणि बहिणीशी बोलताना कॅलेंडर बघे.

तिनं गाठोडं उचललं आणि रिक्षात बसली. इतक्या लवकर ती ऐकेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण पंजाबराव खूश झाला आणि खुशीत त्याला फार विचार करायची सवय नव्हती.

गेले आठ दिवस तो वामनरावांना जेवू कुठं घालायचं याच्या शोधात होता. घरी नाही, हे आधीच ठरलं होतं. घरी भाकर, झुणका, वांग्याची भाजी. इटलीहून आलेल्या माणसाला हे वाढायचं म्हणजे आपणच आपली पायरी दाखवायची. म्हणून तो संध्याकाळी हाटेलं बघत हिंडे. मारवाड्याच्या बाश्यात पाटावर बसवतात, बाद. स्टेशनजवळच्या उडप्याकडे पोऱ्ये ऑर्डरी ओरडून सांगतात, बाद. एका ठिकाणी मटण चांगलं होतं म्हणे, पण काटेचमचे नव्हते. तो टेबलावरचं कापड बोटांनी चाचपी, बशी उलटी करून तिच्या बुडाचा शिक्का वाची, हात धुवायच्या जागेचा वास घेई. जेवून मात्र त्यानं कुठंच पाहिलं नाही. चव ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती.

शेवटी त्याला देवरावचं हाटेल सापडलं. देवराव लढाईच्या काळात भोपाळकडे इटालियन कैद्यांच्या छावणीत भटारखान्यात होता. कैदी आपलं आपण काय शिजवतात ते तो बघत बसे. गेल्या दिवाळीत त्यानं राजकमल चौकाच्या मागं हाटेल काढलं आणि पाटीवर लिहिलं, 'येथे इटालियन जेवण मिळेल.' टेबलं सहा, काटेचमचे पुरेसे. पंजाबरावनं बशी उलटी केली, शिक्का इंग्रजी निघाला. ठरलं.

घरी येऊन त्यानं वच्छलेला मॅक्रोनी समजावली. ती पिठाची पोकळ नळी असते, इटलीत यंत्रावर होते. मनकर्णाबाई तेव्हा अंगणात खाटेवर बसून बारीक काडीवर कणकेची दोरी गुंडाळत होती. वाळली की काडी काढून घ्यायची, मग सरगुंडा तयार. पोकळ नळीच. उकडून आमरसात घालून जावयाला वाढायची आपल्याकडची रीत. पंजाबराव त्या खाटेला वळसा घालून आत गेला होता आणि त्याला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

देवरावला ते सहा महिन्यांपूर्वीच दिसलं होतं. मॅक्रोनी मुंबईहून मागवायची तर भुगा होऊन येई. त्याची बायको जमुना शेजारच्याच गल्लीतली. तिनं मनकर्णाबाईला विचारलं, आणि तेव्हापासून महिन्याला दोन पायल्या सरगुंडे मागच्या दारानं हाटेलात जात. आमच्या घरच्या बाया कोणाचं काम करत नाहीत, असं पंजाबराव चारचौघांत सांगे, म्हणून मागच्या दारानं.

तर रिक्षा स्टँडवर गेलीच नाही. देवराव बाकी सगळं करी, पण सरगुंडे फार शिजवून त्यांचा गिच्चा करी, म्हणून आज मनकर्णाबाईनं स्वतः यायचं कबूल केलं होतं. हाटेलाच्या भटारखान्यात बसून तिनं पाणी खळखळू दिलं, सरगुंडे सोडले आणि बोटानं दाबून बघून बरोब्बर उतरवले. देवरावनं वर टमाट्यांचा, लसणाचा रस्सा घातला, डब्यातलं चीज किसलं. भटारखान्याला दार नव्हतं, तरटाचा पडदा होता.

पडद्यापलीकडे पंजाबराव बोलत होता. अमरावती आता पूर्वीची राहिली नाही, म्हणत होता. वामनराव जेवत होते. मग चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"पंजाबराव, हे सरगुंडे आहेत."

"नाही साहेब, मॅक्रोनी. इटालियन."

"अहो, मी अकोल्याचा. आठ महिने मिलानमध्ये मॅक्रोनी खाल्ली, आणि दर खेपेला आईचे सरगुंडे आठवले. हे हातचे आहेत, यांच्यावर काडीचा पीळ दिसतो. तुमच्या घरी करत नाहीत का कोणी?"

मनकर्णाबाईच्या हातात झारा होता. देवरावनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. 'बहीण करते', एवढं एक पंजाबराव बोलला असता तर तिनं आठ वर्षांचं अंजनगाव सोडून दिलं असतं.

"छे, छे," पंजाबराव हसत म्हणाला. "आमच्याकडे असलं गावठी करणारं कोणी नाही."

"मग तुमचं खायचं राहिलंच," वामनराव म्हणाले आणि आणखी वाढायला सांगितलं.

देवराव पडदा सारून बाहेर जाऊन सांगणारच होता, मनकर्णाबाईनं मान हलवून त्याला थांबवलं. तिनं दुसऱ्यांदा वाढून दिलं. मग एका बशीत स्वतःला घेतलं, चीज बाजूला काढलं आणि खाली बसून सावकाश जेवली. चांगले झाले होते. नंतर तिनं देवरावला एक गोष्ट विचारली. त्यानं एका पायावर हो म्हटलं.

चारला ती घरी पोचली तेव्हा पंजाबराव खुर्चीत बसून वच्छलेला आणि श्रावणला वर्णन सांगत होता. वामनराव साडेतीनच्या गाडीनं गेले होते. नोकरीचं 'पाहू' म्हणाले होते, पण मॅक्रोनी दोनदा घेतली होती, आणि पंजाबरावच्या मते दुसऱ्या वाढपात अर्धी नोकरी आली.

"एस.टी. चुकली का, आत्याबाई?" श्रावणनं विचारलं.

"मी गेलीच नाई." तिनं गाठोडं खुंटीला टांगलं. "मी देवरावच्या भटारखान्यात होती. तुमी खाल्ले ते सरगुंडे माह्या हातचे. सहा महिन्यांपासून तिथं मीच देतो."

पंजाबरावनं कॅलेंडर शोधलं, पण खुर्ची आज उलट्या बाजूला होती. पडद्यामागं ऐकू येत होतं का, एवढंच त्यानं विचारलं.

"सगळं."

मग तो आवाज चढवू लागला. घराण्याची इज्जत, हाटेलातली चाकरी, लोक काय म्हणतील. ती मिश्रीची डबी उघडून बसली आणि तो दमेपर्यंत दात घासत राहिली. मग तिनं मोरीत चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि तिघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

"सोमवारपासून मी देवरावच्या हाटेलात सैपाकाले जाईन. सकाळी आठाले जाईन, पाचाले येईन. घरचं वच्छलानं पाहावं. पाहुणे आले का त्याइले तिथंच आना. अंजनगावले मी जानार नाई."