बिनआवणीच्या भाताची आवणी

त्या वर्षी मी घरात जाहीर केलं, की आमच्या खाचरात यंदा चिखलणी नाही आणि आवणीही नाही. रोपं उपटून चिखलात लावायची भानगडच बंद. गादीवाफे करायचे, भोकं पाडायची, भोकात दोन-दोन दाणे टाकायचे आणि घरी जाऊन झोपायचं. पाणी वाचेल, बैल वाचतील, माणसं वाचतील. हे सगळं ज्ञान मी मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून घेतलं होतं, तेही दुप्पट वेगाने बघून.

मी अंबडला कारखान्यात वेल्डिंग करतो, भातशेती पेठकडच्या गावी. भोकं पाडायची दातेरी लोखंडी चौकट मीच बनवली. आठ फुटी. खाचराच्या कोपऱ्यात ती वळेचना, कारण खाचर मी अंबडला बसून मनातल्या मनात मोजलं होतं. दोन खाटांएवढा कोपरा तसाच राहिला. बायकोला म्हटलं, "तो मुद्दाम सोडलाय. प्रयोगासाठी."

भात मात्र उगवलं, तेही सरळ रांगेत. मी कारखान्यातून रजा काढून बांधावर खुर्ची टाकून बसू लागलो. बायको येता-जाता बघायची. मग एक दिवस म्हणाली, "अवो, सावडीचं काय?"

सावड म्हणजे अकरा घरांनी आळीपाळीने एकमेकांची आवणी करायची. मी म्हटलं, "आपण जायचं नाय, त्यांनी यायचं नाय."

"आन् कापणीला कोण येईल? लेकीच्या लग्नात पोळ्या काय तुमची चौकट लाटणार?"

मग मी दहा दिवस दहा घरांच्या चिखलात वाकलो. दरवर्षी ड्युटीचं निमित्त सांगून सटकायचो. यंदा आपल्याला काहीच काम नाही, हे मीच गावभर सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी दहाही घरची माणसं आमच्या बांधावर. पुढे मावशी, सावडीत तिचा शब्द शेवटचा.

"कुठं लावायचं?"

"मावशी, उगवलंय की. चहा घ्या अन् जा."

"चहानं दिवस फिटतो व्हय रे? तुझा दिवस अंगावर ठेवून आमी नाय जायचो. फेडून घे, नायतर सावडीतून तुझं घर काढते."

बायकोचा चेहरा उतरला. मी घाईघाईने कोपऱ्याकडे बोट केलं.

पावसाने नेमकी उघडीप दिलेली. पाणी वाचवणाऱ्या मी ओहोळातून डबे भरभरून आणले. बैलही तिथे वळेनात, म्हणून चिखल मीच नाचून केला. उरल्यासुरल्या रोपांच्या मुठी मावशीकडच्याच. दहा माणसं त्या दोन खाटांत उतरली.

"सरक की गं!"

"कुठं सरकू? तुझ्या डोक्यावर?"

दहा मिनिटांत लावून झालं. मावशीने सूर्याकडे पाहिलं. "दिवस म्हंजे दिवस. उपटा!"

जेवणापर्यंत तीच रोपं तीनदा लावली. दुपारी दोघं लावत आणि आठ जण बांधावरून चुका काढत. एका काकांनी माझ्या रांगा निरखल्या अन् म्हणाले, "गवत लय झाक आलंय हां."

दिवस मावळताना मावशीने पाय धुतले आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता बायकोला म्हणाली, "फिटला बाई. पुढल्या साली पयली पाळी तुमची."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आता तुमी गप बसा."


मी बसलो.