रविवार दुपारचं खरबूज

सोलांजच्या पालावर गेलेल्या माणसाला आधी भाव कळत नाही. ती विचारते, "कधी खाणार? आज दुपारी, का उद्या रात्री?" मग विचारते, "किती जण?" उत्तर मिळालं की ढिगात हात घालते, एक खरबूज काढते, नाकाशी नेते आणि पिशवीत सोडते. गिऱ्हाइकाने फळाला हात लावायचा नाही. आमच्या व्हिलफार्गच्या गुरुवारच्या बाजारात हा नियम नगरपालिकेच्या सगळ्या नियमांहून कडक पाळला जातो. मागे एका पर्यटकाने अंगठ्याने खरबूज दाबून पाहिलं, तर तिने ते त्याच्यादेखत कचऱ्यात टाकलं आणि दुसरं देण्याआधी त्याला 'बॉन्जूर', म्हणजे नमस्कार, म्हणायला लावलं.

मी तिच्या शेजारी लसूण विकतो, त्याला एकतीस वर्षं झाली. लसूण कधी खाणार हे कोणी विचारत नाही, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला तिच्याकडूनच कळतं. बायको तुलूजला गेलेली असताना औषधवाल्याने मंगळवार रात्रीसाठी दोघांचं खरबूज नेलं. मागच्या मेयरने निवडणुकीच्या निकालाच्या दिवसासाठी चाळीस जणांची खरबुजं सांगून ठेवली होती, आणि निकालानंतर स्वतः येऊन एकट्यापुरतं एक नेलं. इतकं आमच्या पाद्रीबाबांनाही ठाऊक नसेल. फरक एवढाच की ते तोंड बंद ठेवतात.

अशा या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नारिंगी झगा.

आमच्याकडे खरबूज बंधुमंडळ आहे. त्याचे सभासद ऑगस्टमध्ये नारिंगी झगे आणि हिरव्या टोप्या घालून, गळ्यात खरबुजाच्या फाकेचं पदक अडकवून, बँडच्या मागून मिरवतात आणि मग चार तास जेवतात. त्यात माजी मेयर आहेत, टीव्हीवर हवामान सांगणारी एक बाई आहे आणि खरबूज पचत नाही असं स्वतःच सांगणारा एक बेल्जियन गॅरेजवाला आहे. सोलांज नाही. कारण मंडळाचे चिटणीस, दातांचे डॉक्टर बोदिए, म्हणतात की ती पिकवत नाही, फक्त विकते. डॉक्टरांनी स्वतः कुंडीत पुदिनासुद्धा जगवलेला नाही.

"मला मेलीला काय करायचाय तो झगा," सोलांज म्हणायची. "उकाड्यात घाम यायचा." पण एकोणीस वर्षं, मिरवणुकीच्या आधीच्या गुरुवारी, ती न चुकता केस सेट करून यायची. ऐन वेळी कोणी बोलावलं तर तयार असावं, म्हणून. मला ते बघवायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी पॅरिसहून क्लेमांस आली. गवती हॅट, चंद्र बघून लावलेले खरबुजाचे चाळीस वेल आणि पालावर पाटी: 'हात लावा, हुंगा, फळाशी बोला.'

"फळाला वाचा फुटली," सोलांज म्हणाली, "तर ते आधी हिलाच गप्प बस म्हणेल."

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त नोटरी रुमेगू. त्यांना अजून सगळे अदबीने 'मेत्र' म्हणतात. बायको गेल्यापासून ते दर गुरुवारी साडेदहाला सोलांजकडे येत आणि एकच वाक्य बोलत, "एकच, आज रात्रीसाठी, एकट्यापुरतं." या जुलैतल्या एका गुरुवारी मात्र ते आधी क्लेमांसच्या पालावर थांबले. टोपी काढून चांगली दहा मिनिटं बोलले आणि मोठ्याने हसले. मेत्र हसतात हेच बाजाराला नवीन होतं. मग आमच्याकडे आले.

"रविवार दुपार," ते म्हणाले. "दोघांसाठी. जरा महत्त्वाचं आहे, मादाम, नीट बघून द्या."

"नीटच देते, मेत्र," सोलांज म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने हात घातला आणि खरबूज काढलं. त्याचा वास माझ्या लसणाच्या ढिगावरून माझ्यापर्यंत आला, म्हणजे फळ त्याच दुपारचं होतं. रविवारपर्यंत त्याचा लगदा होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मेत्र गेल्यावर मी म्हणालो, "ते आजचं होतं."

"तू तुझा लसूण बघ."

"सोलांज, अजून कोपऱ्यावरच आहेत ते. हाक मारतो."

"मार, आणि मग पुन्हा माझ्याशी बोलू नकोस. त्या हॅटवालीला जेवायला घालतायत. तिलाच झगा देणार. खाऊ देत दोघांना."

मी हाक मारली नाही. शेजार टिकवायचा होता. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या गुरुवारी सकाळी डॉक्टर बोदिए स्वतः आमच्या टोकाला आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मादाम, तुमचे आभार मानायला आलो," ते म्हणाले. "मेत्रने एकोणीस वर्षं तुमच्या नावासाठी माझं डोकं खाल्लं. शेवटी पैज लावली. गुरुवारी तुम्ही निवडलेलं खरबूज रविवारी दुपारी आम्ही दोघांनी कापायचं. बरोबर निघालं तर नियम गेला खड्ड्यात, यंदा झगा तुम्हाला. नाही निघालं तर त्यांनी तुमचं नाव पुन्हा काढायचं नाही. कापलं तर काय, सूप. दारूसारखा वास. बिचाऱ्यांनी आपला अर्धा भाग चमच्याने संपवला आणि म्हणाले, उकाडा फार आहे."

"आणि क्लेमांस?" सोलांजने विचारलं.

"तिचं काय? तिने त्यांना फळाशी बोलायला लावलं होतं. रविवारी माझ्या घरी येऊनही हसत होते त्यावर."

साडेदहाला मेत्र आले. टोपी उचलून त्यांनी नेहमीसारखं बॉन्जूर केलं.

"एकच," ते म्हणाले. "आज रात्रीसाठी. एकट्यापुरतं."

सोलांजने ढिगाकडे हात नेला.

"राहू द्या, मादाम," ते अगदी हळू म्हणाले. "आज मी बघतो."

त्यांनी एक खरबूज उचललं, हुंगलं आणि बुडाशी अंगठ्याने दाबून पाहिलं. मग ते ठेवून दुसरं घेतलं. चीजवाल्याची सुरी अर्ध्यात थांबली, आणि पलीकडून क्लेमांसही बघत राहिली. दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून सोलांज त्यांचं दाबून होईपर्यंत उभी राहिली.