सुनेचा प्रोजेक्ट आणि माझा प्रकल्प

तुम्ही विचारता म्हणून सांगतो. एरवी आमच्या पिपरी मेघ्यात ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, कारण तिथे ती सगळ्यांना माहीत आहे. पण तुम्ही पडले बाहेरचे, आणि चहाही आत्ताच चढवला आहे, तर ऐका. मी जन्मात एकदाच एक काम झपाट्यानं केलं, आणि त्या एका कामानं सुनेच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

आमची सून प्रणाली नागपूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवरचं काम करते. घरूनच करते. तिनं एक मोठी परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. मग काय विचारता. भाजी निवडताना पुस्तक, कुकरच्या शिट्ट्या मोजताना पुस्तक, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या. दूध उतू गेलं तरी ही आपली ओठ हलवते आहे. पोर वाळून चालली होती. मला पाहवत नव्हतं, पण मी चौथी शिकलेला माणूस, अभ्यासात काय हात लावणार?

एका दुपारी दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी हळू बोलतो. माझं वाक्य संपेपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो. म्हणून मोजकंच विचारलं.

"कायची परीक्षा आहे व बाई?"

"प्रोजेक्टची, मामाजी. प्रोजेक्टचं सर्टिफिकेट भेटते."

"नोकरीले लागते थे?"

"हाव. त्याच्याबिगर वरची पोस्ट नाई देत."

"अन् सहज भेटते?"

"कायचं सहज! अर्ज करा, कागदपत्रं जोडा, थे तपासतात, मंग परीक्षा. कित्येक जणायले भेटतच नाई."

आता तुम्हीच सांगा, यात तिचं काय चुकलं? आणि माझं तरी काय चुकलं? आमच्याकडच्या म्हाताऱ्याला प्रोजेक्ट म्हटलं की एकच गोष्ट दिसते. धरण. माझं जन्मगाव अशाच एका प्रोजेक्टच्या पाण्याखाली गेलं. वावर गेलं, घर गेलं, मारुतीचा पार गेला, आणि त्याच्या बदल्यात घराण्याला एक कागद मिळाला. प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र. तो कागद दाखवला की घरातल्या एकाला सरकारी नोकरीतल्या राखीव जागेवर हक्क सांगता येतो. त्या कागदासाठी आम्हीही अर्ज केला होता, कागदपत्रं जोडली होती, आणि साहेबांनी ती तपासली होती. सगळं तंतोतंत जुळत होतं. परीक्षा तेवढी नवी होती. म्हटलं, सरकारनं आता काढली असेल.

तरी थोडी शंका होती. ती दोन दिवसांनी फिटली. प्रणाली मैत्रिणीला फोनवर समजावून सांगत होती.

"अगं, स्टेकहोल्डर म्हंजे सोपं आहे. प्रोजेक्टमुळे ज्याच्यावर परिणाम होते, थो प्रत्येक माणूस. त्याले आधी ओळखायचं, त्याचं नाव यादीत टाकायचं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. प्रोजेक्टमुळे ज्याच्यावर परिणाम होतो तो माणूस म्हणजे कोण? अरे, मीच. आमचं म्हणणं ऐकायला काही कोणी आलं नव्हतं, पण नाव यादीत होतं.

आणि मग माझा जीव कळवळला. कारण तो कागद आमच्या घरात नव्हता. तो होता माझ्या थोरल्या भावाकडे, गुलाबदादाकडे, समुद्रपूरला. गाव बुडाल्यावर तो तिकडे गेला, मी इकडे आलो. आमचा अबोला होता. माझ्या मुलाच्या, निलेशच्या लग्नात गुलाबदादाच्या जावयाला मानाचा दुपट्टा द्यायचा राहून गेला. बस, एवढंच कारण. नऊ वर्षं दादा माझ्याशी बोलला नाही आणि मी त्याच्याशी. प्रणालीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणजे बघा, पोर किती गुणाची. सासऱ्याला भावापुढे मान खाली घालावी लागू नये, म्हणून घराण्यात असलेला कागद मागत नाही आणि परीक्षा देऊन नवा मिळवते आहे.

मी मनाशी ठरवलं, कागद आणायचा. पण नऊ वर्षांचा अबोला मोडायला मला आठ दिवस लागले. आणि नवव्या दिवशी तिची परीक्षा होती.

आदल्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. "उद्या अकरा ते तीन मी खोलीत पेपर देणार. घरूनच आहे, कॉम्प्युटरवर. क्यामेऱ्यातून साहेब पाह्यत राह्यते. कोणी आत आलं, कोणाचा आवाज आला, का पेपर बंद."

माझ्या डोक्यात मात्र एकच. अकराच्या आत कागद आणला, तर पोरीला बसावंच लागणार नाही.

पहाटेच्या पहिल्या बसनं निघालो. निलेशच्या आईला सांगितलं, केळझरला गणपतीच्या पाया पडून येतो. पण हिंगणघाटला दुसरी बस मिळेना. समुद्रपूरला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

गुलाबदादा ओसरीत दाढी करत बसला होता. अर्ध्या गालावर फेस. मला पाहून त्याचा हात थांबला.

"कोण मेलं?"

"कोणी नाई."

"मंग तू काऊन आला?"

मी सांगायला लागलो. माझं सांगून होईपर्यंत त्याचा दुसरा गाल तुळतुळीत झाला होता.

"सुनेनं मांगतलं थे सर्टिफिकेट?"

"नाई न दादा. थे परीक्षा देऊन राह्यली."

"प्रकल्पग्रस्ताची परीक्षा?" दादानं कपाळाला हात लावला. "घर बुडालं, वावर बुडालं, आता वरून परीक्षाबी घेऊन राह्यले?"

तो तसाच उठला. पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद माझ्या हातात दिला. "माह्या पोरायचं वय निघून गेलं. तुह्या सुनेचं तरी भलं होऊ दे." मग वहीचं पान फाडून संमतीही लिहून दिली. माझा भाऊ आणि मी राजीखुशीनं वगैरे. खाली सही केली आणि म्हणाला, "जेवून जाजो."

"दादा, पोरगी पेपरात बसली असंल."

"मंग पळ न, बह्याडा!"

नऊ वर्षांनी भावानं मला बह्याड, म्हणजे वेडा म्हटलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्यानंच मला गाडीवर बसवून स्टँडवर सोडलं. अकरा नेमके तेव्हाच वाजले, पण मी हरलो नव्हतो. पेपर तीनपर्यंत होता. मधूनच सोडवता येईल. बसमध्ये मला बसवेना. कागद सदऱ्याच्या आत छातीशी धरला होता. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर मी त्याला कागदच दाखवला.

घरी पोचलो तर दीड वाजला होता. खोलीचं दार बंद, आणि दारासमोर खुर्ची टाकून निलेशची आई बसलेली. मांडीवर कुत्र्याला हाकलायची काठी.

"कोणता गणपती इतका वेळ लागते?" ती कुजबुजली.

"सर्टिफिकेट भेटलं. तिले म्हणा पेपर सोडून दे."

"चूप बसा. तिनं सांगतलं, देव आला तरी आत सोडायचा नाई."

"अवं, पन..."

"अन् तुमी तर देवबी नाई."

या बाईसमोर माझं वाक्य चाळीस वर्षांत पूर्ण झालेलं नाही. मी वाद घातला नाही. घराच्या मागच्या बाजूला गेलो. उकाड्यामुळे खोलीची खिडकी अर्धी उघडी होती, मध्ये पडदा. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढलो आणि गजांतून कागदासकट हात आत घातला.

दहावीच्या परीक्षेत शाळेच्या खिडक्यांना लटकून कॉपी पुरवणाऱ्या माणसांना मी कितीदा नावं ठेवली आहेत. त्या क्षणी मला त्यांची आठवणसुद्धा आली नाही. आपण भलं करायला निघालो की असं होतं.

प्रणालीची पाठ खिडकीकडे होती. म्हणजे कॉम्प्युटरचं तोंड खिडकीकडे. माझा हात तिला दिसला नाही, पण आतल्या साहेबाला आधी दिसला. कॉम्प्युटर बोलायला लागला, तो हिंदीत.

"मॅडम, आप के पीछे किस का हाथ है?"

"किसी का नहीं सर," ती म्हणाली. "मैं ने अपनी मेहनत से पढ़ाई की है."

मी पडद्याआडून कागद जोरानं हलवला. "घे व बाई. भेटलं."

ती अशी वळली की खुर्ची उलटायची बाकी राहिली. साहेब म्हणाला, कागद क्यामेऱ्याला दाखवा. तिनं धरला. साहेब म्हणाला, इस में क्या लिखा है? आता पोर खोटं बोलणारी नाही, हाच तिचा दोष. तिनं वाचलं आणि अर्थ सांगितला. "प्रोजेक्ट से जिन पर असर हुआ, उन का सर्टिफिकेट है, सर."

साहेबानं कागद आणखी जवळ धरायला लावला.

"मतलब प्रोजेक्ट के बारे में ही है?"

"हां सर. मतलब नहीं सर. वो प्रोजेक्ट अलग है."

तिची अडचण मला पाहवेना. मी पडदा बाजूला केला, गजांना तोंड लावलं आणि होतं नव्हतं तेवढं हिंदी बाहेर काढलं. "साहब, एकदम असली है. नीचे का ठप्पा देखो."

पेपर तिथेच बंद झाला.

कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला तशी प्रणालीनं टेबलावर डोकं ठेवलं. तिचे खांदे हलत होते. मी बादलीवर उभा. म्हटलं, आनंदानं रडते आहे. "रडू नको, पोरी. आता परीक्षा द्यायची गरजच नाई."

तिनं डोकं वर केलं. डोळे लाल. "मामाजी, हे काय आहे?"

मी सांगितलं. शेंगांपासून दादाच्या दाढीपर्यंत सगळं, माझ्या चालीनं. खरं सांगतो, त्या वेळी ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग हळूच म्हणाली, "मामाजी, हे धरणाचं आहे."

"मंग तुहं कायचं आहे?"

"कोनतंबी काम कसं करायचं, त्याचं. आधी काय करायचं, मंग काय करायचं. काम सुरू करायच्या आधी कोणाकोणाले विचारायचं."

"अन् कोणाले न विचारता केलं तर?"

तिनं फक्त बंद पडलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. तेवढ्यात काठी घेऊन निलेशची आई मागे येऊन उभी राहिली. तिला काय झालं ते समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "तुमचं गाव सरकारनं बुडवलं," ती म्हणाली, "अन् सून तुमी."

तेव्हा कुठे प्रणाली हसली. रडता रडता हसली, पण हसली. मला मात्र त्या दिवशी घास गेला नाही.

पुढे तिनं परीक्षावाल्यांना पत्र लिहिलं. धरण म्हणजे काय, प्रकल्पग्रस्त म्हणजे काय, सासरा म्हणजे काय. कागदाचा इंग्रजी तर्जुमाही जोडला. रोज ती मोबाईल उघडायची आणि मी तिच्या तोंडाकडे पाहायचो. महिन्याभरानं उत्तर आलं. पुन्हा बसा म्हणे, पण घरी नाही, नागपूरच्या सेंटरवर.

आणि जायच्या आदल्या दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मामाजी, तुमी चला माह्यासंग."

माझी छाती अशी फुगली, काय सांगू. नवरा सोडून सासऱ्याला नेते. मी धुतलेला सदरा घातला, टोपीला इस्त्री केली, गल्लीत चार घरी सांगून आलो. दादालाही फोन केला. सेंटरबाहेर लिंबाखाली चार तास बसलो. पाणी प्यायलाही उठलो नाही. न जाणो, माझ्या उठण्यानं आत काही बंद पडलं तर?

साडेतीनला ती पळत बाहेर आली. पोर पळताना मी पहिल्यांदा पाहिली. "पास, मामाजी. पास झाली."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शब्द काही आले नाहीत, तसेही ते माझ्याकडे उशिराच येतात.

परतीच्या बसमध्ये, सेलू मागे पडल्यावर ते आले. मी विचारलं, "बाई, निलेशले सोडून मलेच काऊन आणलं? माह्या पायगुणासाठी न?"

तिनं माझा हात हातात घेतला आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "पुस्तकात लिहिलं आहे, मामाजी. ज्याच्या अंगात काम बिघडवाची ताकद सगळ्यात जास्त आहे, त्याले घरी सोडून जायचं नाई."