शुक्रवारी पाहिलेली खोली

निजामपुऱ्यातली ती खोली मी शुक्रवारी पाहिली, इथेच माती खाल्ली. दलाल गोड बोलत होता, खिडकीतून वारा येत होता आणि गल्ली आमच्या अंजूर गावाइतकी निवांत होती. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण भाड्याने द्यायला आपली एक खोली होणार, या आनंदात माझी अक्कल गहाण पडली होती.

पैसे आईचे होते. खाडीकडचा शेताचा तुकडा गोदामासाठी विकला, तेव्हा तिच्या वाट्याला आलेले. महिन्याला भाडं यावं आणि कशासाठीही मुलांपुढे हात पसरावा लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

खरेदीखत झालं. शनिवारी मी तिला हौसेने खोली दाखवायला नेलं. कुलूप काढलं आणि दोघंही दारातच थांबलो. मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. खडखडाट एवढा की शेजारी उभ्या असलेल्या आईशीही ओरडून बोलावं लागत होतं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. आई आत गेली, त्या भिंतीला तळहात लावून जरा वेळ उभी राहिली.

घरी आल्यावर मी माझी युक्ती सांगितली. दलालाने केलं तेच आपण करायचं. भाडेकरूला शुक्रवारी बोलवायचं, ॲग्रीमेंट झालं की झालं.

आई भाजी निवडत होती. "तुला फसवला म्हनून तू दुसऱ्याला फसवाचा?" ती म्हणाली. "लूम चालू असतील तवाच दाखव. न्हाय गेली तर न्हाय."

"पैसे तुझे अडकलेत," मी चिडून म्हणालो.

"माझे हायत म्हनून तर सांगते."

तीन महिने खोली रिकामी राहिली. लोक यायचे, कानांत बोटं घालायचे आणि जायचे. आई प्रत्येक वेळी माझ्याबरोबर यायची. तिने एकदाही माझी चूक काढली नाही. मधल्या काळात आमच्याकडे पैसे मागायला नकोत म्हणून गुडघ्याचं औषध तिने आणायचंच बंद केलं होतं, हे मला बायकोकडून कळलं. मला फार लाज वाटली.

चौथ्या महिन्यात एक बाई आली. खडखडाट ऐकून ती हसली. आईने तिला मोडक्यातोडक्या हिंदीत बजावलं, "सोच लो, शुक्रवार छोडके रोज ऐसाच हाय."

"मालूम है," ती म्हणाली. "मेरा आदमी इसी दीवार के पीछे लूम चलाता है. आवाज आती रहे तो समझो काम चालू है. बंद पडती है, तब डर लगता है."

ती राहायला आली. पहिलं भाडं तिने आईच्याच हातात दिलं. आईने ते कमरेच्या बटव्यात ठेवलं आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. मी रिक्षाला हात केला, तर आई म्हणाली, "आज रिक्षाचे पैसे मी देनार."

मी पाकीट परत खिशात ठेवलं. उभ्या आयुष्यात कुणाकडे न मागता पैसे खर्चायची ही तिची पहिलीच वेळ होती, आणि हेच पैसे मी खोटेपणाने कमवायला निघालो होतो.