बेदाण्याची फिल्म

तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या शेडची जाहिरात करायची ठरली, तेव्हा मी सांगलीहून लग्नाचं शूटिंग करणारा माणूस बोलावला. करायचं तर झोकात, हा माझा हट्ट. ड्रोन उडाला, द्राक्षबागेमागून सूर्य उगवला, वर सनईही वाजली. ती फिल्म मी परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला पाठवली. त्याचा फोन आला, "बाग छान आहे, पण माल कुठाय? मूठ दाखवा."

मी चिडलो. आईनं मात्र शेडच्या दारात उभं राहून मूठभर बेदाणा घट्ट दाबला आणि हात उघडला. दाणे चिकटले नाहीत, सुटे झाले, म्हणजे माल नीट वाळलेला. मी ते मोबाइलवर टिपलं आणि तेवढ्यावर सौदा झाला.

फिल्म वाया गेली म्हणून मी धुसफुसत होतो. आईनं ती पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकली आणि धाकट्या भावाला वडूजहून स्थळ आलं. शेतकरी पोरांना मुली मिळत नाहीत, तिथं हे नवलच. मला वाटलं, फिल्म भारीच होती, फक्त गिऱ्हाईक चुकलं होतं.

मग मुलीच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "आवं, शेत लय झ्याक हाय. पण ह्यात पोरगा कुठं हाय?"

मी फिल्म पुन्हा पाहिली. बाग होती, शेड होती, ट्रॅक्टर होता. ती बाग जगवणारा माझा भाऊ कुठंच नव्हता.

मी मोबाइल घेतला आणि शेडच्या दारातून त्याला हाक मारली, "ये रं बाहेर, उजेडात."