कितागावा-सानांची हाकारीण

सुलेखाच्या माहेरी, माणगावला, शिकारीचं भारी वेड. थंडी पडली की काका-मामा बंदुका घेऊन रानात जायचे आणि मुलींनी मागे राहून मसाला वाटायचा. सुलेखा दरवर्षी हट्ट धरायची आणि दरवर्षी तिच्या हाती वरवंटा यायचा. पुढे ती टिपणीसांची सून झाली, नवऱ्याच्या, प्रल्हादच्या, संशोधनापायी क्योतोला आली, सुपरमार्केटात अरुबाइतो, म्हणजे तासांवरची नोकरी, करू लागली. चाळिशी उलटली तरी शिकार राहिली ती राहिलीच.

चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात तिला खाटकाच्या काचेत रानडुकराचं मांस दिसलं. तिने ताजं आहे का हे विचारलंच नाही. हे मारलं कोणी, ते विचारलं. खाटकाने उत्तरेच्या डोंगरातल्या चार-पाच म्हाताऱ्यांच्या टोळीचा पत्ता दिला. त्यांचे म्होरके कितागावा-सान. पंच्याहत्तरीचे, कानांनी अधू, आणि कानातलं यंत्र लावायला साफ नकार देणारे.

सुलेखा बसने त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दारात अनोळखी बाई पाहून त्यांना वाटलं, धर्मप्रचाराला आली असेल. आमच्याकडे बुद्ध आहे आणि तो आम्हाला पुरतो, असं अदबीने सांगून त्यांनी दार लावलं. पुढच्या खेपेला ती चिवडा घेऊन गेली, तर टोळीतल्या निशिओ-सानांनी तिला स्वयंपाकाच्या वर्गाची चौकशी गावच्या सभागृहात करायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला ती कितागावा-सानांच्या कानाशी वाकून जपानीत ओरडली, "मला शिकार शिकवा!"

शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. कितागावा-सानांचा चेहरा मात्र खुलला. कित्येक वर्षांत त्यांना एवढं स्पष्ट कोणी काही सांगितलं नव्हतं.

बंदुकीचा परवाना म्हणजे पोलीस, परीक्षा आणि वर्षभराचा खटाटोप. पण हाकाऱ्याला बंदूक लागत नाही. खालून आरडाओरडा करत डुक्कर उठवायचं, वर दबा धरून बसलेल्यांनी बार काढायचा. त्यांच्या हाकाऱ्याचे गुडघे कामातून गेले होते. रविवारी या, कितागावा-सान म्हणाले.

"डुक्कर अंगावर आलं म्हणजे?" प्रल्हादने विचारलं.

"तर तुझे पुढचे रविवार शांत जातील," सुलेखा म्हणाली आणि मुलाचे, ओजसचे, गमबूट पायात चढवून निघाली.

तिला दरीच्या तोंडाशी उभं केलं. 'होई, होई' ओरडत चढायचं, एवढीच शिकवण. थोडं चढल्यावर तिला त्या होई-होईची लाज वाटू लागली. एकट्या बाईने झाडांना काय सांगायचं? मग शाळेत घोकलेले पाढे आठवले. बे एके बे पासून तिने जो खडा आवाज लावला तो डोंगरभर घुमला. वर वायरलेस हातात घेऊन बसलेल्या कितागावा-सानांना वायरलेसमधलं अक्षर कळत नसे. सुलेखा कुठवर आली ते मात्र बसल्या जागी कळत होतं.

एकोणिसाच्या पाढ्याला सातावर गाडी अडली. एकोणीस साते किती? ती झाडाला टेकून आठवू लागली.

डोंगर एकदम गप्प झाला. बाई कड्यावरून पडली, असं ठरवून सगळे म्हातारे आपापल्या जागा सोडून खाली धावले. ते एका बाजूने उतरले, डुक्कर दुसऱ्या बाजूने चढलं, मोकळ्या वाटेने रमतगमत रस्त्यावर गेलं आणि छोट्या ट्रकमागे ठेवलेले सगळ्यांचे भाताचे लाडू फस्त करून चालतं झालं.

कितागावा-सान धापा टाकत पोचले तेव्हा सुलेखा बोटं मोजत होती. लागलं का, त्यांनी विचारलं. तिने खरं काय ते सांगितलं. त्यांनी काटकी उचलली, मातीत गुणाकार मांडला.

"एकशे तेहतीस," ते म्हणाले. मग काटकी टाकून तिला त्या दिवसाचा धडा दिला. टिपणीसचं त्यांच्या जिभेवर तिपुनिसु होत असे. "तिपुनिसु-सान, चुकलं तरी थांबायचं नाही. डुकराला गणित येत नाही."

उपाशीपोटी परतताना तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही. निशिओ-सानांनी फक्त, राहिलेला चिवडा आणलाय का, असं विचारलं.

पुढच्या रविवारी सुलेखाने वाट्टेल ती उत्तरं देत एकोणतिसापर्यंत मजल मारली. अठ्ठाविसाच्या आसपास झुडपातून मोठं डुक्कर उठलं, सरळ कितागावा-सानांसमोर गेलं आणि एकाच बारात आडवं झालं. टोळीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना सारखे वाटे पडले. हाकाऱ्याचा वाटाही तेवढाच. कितागावा-सानांनी तो स्वतः तिच्या हातात दिला.

बसमध्ये कोनबिनीच्या, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, पिशवीतून राठ केस डोकावत होते. शेजारची बाई हळूच उठून मागे गेली. सुलेखाला त्याचं काही नव्हतं. तिने घरी जाऊन आलं-लसूण वाटलं, मटणासारखा रस्सा केला, ताटं घेतली, सगळं अगदी मुकाट्याने.

ओजसने घाबरून बाबांना जपानीत विचारलं, आई रागावलीय का.

"नाही रे," प्रल्हाद रश्शात बोट बुडवून चाखत म्हणाला, "तिचा घसा बसलाय. जेवून घे निवांत."