कोशिंबीची लाल पानं

गगनबावड्याहून मी निघाले तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की एस.टी. दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू आला. वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "मन न्हाय लागलं तर माघारी ये. कोण हसणार न्हाय." घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्या शब्दांनी धीर यायला हवा होता. मला भीतीच वाटली.

कोल्हापुरात आत्याकडे राहिले. ती पायमशीनवर भरतकाम करायची. कापड लाकडी रिंगेत ताणायचं आणि सुई चालू असताना दोन्ही हातांनी रिंग फिरवत फुलं काढायची. सकाळी कॉलेज, दुपारी मी तिच्या हाताखाली. वर्गात इंग्रजी डोक्यावरून जायचं आणि विचारायला जीभ उचलत नसे. मशीनपाशी बोलावंच लागत नव्हतं. जुन्या धोतराच्या तुकड्यांवर मी दोरे लावून बघायची. जांभळ्याशेजारी मोरपंखी, मग त्याच जांभळ्याशेजारी राखाडी. शेजार बदलला की तोच दोरा वेगळा दिसतो, याचं मला फार नवल वाटे.

आत्याची रीत ठरलेली होती: चादरीच्या मधोमध मोरांची जोडी, फुलं लाल, पानं हिरवी. एका लग्नाच्या रुखवतासाठी चादर भरायला आली, तेव्हा मी भीत भीत म्हटलं, की रुखवतात चादर घडी करून मांडतात, मोर आत झाकले जातात, तर नक्षी कोपऱ्यातून काढू का? आत्यानं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "काढ. पर बिघडलं, तर परत मशीनला हात लावायचा न्हाय."

मी कोपऱ्यातून एक फांदी काढली आणि तिची पानं लाल भरली. टोकाला शेंदरी, मग लाल, मग तांबूस, देठाशी जेमतेम हिरवा.

नवरीची आई चादर न्यायला आली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोरी, पानं लाल असत्यात व्हय? फांदी पेटलीया जणू. लग्नात असलं मांडू?"

मशीनची टीप उसवली तर कापडाला भोकं दिसतात. चादर आत्याच्या गळ्यात पडणार आणि माझं मशीन सुटणार, हे मला कळून चुकलं.

त्याच दिवशी आबा तांदूळ घेऊन आले होते. उंबऱ्यापाशी चहा पीत बसले होते. बशी खाली ठेवून ते चादरीवर वाकले.

"ही आपल्या दारातली कोशिंब न्हवं का?"

"पावणं, खरंच असलं झाड असतंय?" बाईंनी विचारलं.

"चैतात या की बावड्याला. लांबनं वाटंल वणवा लागलाय. जवळ जावा, सगळी कोवळी पालवी."

बाईंनी घडी घालून बघितली. फांदी बरोबर वर आली. "पालवी असंल तर चालंल," त्या हसून म्हणाल्या आणि चादर घेऊन गेल्या. आत्यानं पुढचं कापड माझ्याकडे सरकवलं. "ह्याचं रंग तूच ठरव."

आबांना सोडायला स्टँडवर गेले. या वेळी ते 'माघारी ये' म्हणाले नाहीत. म्हणाले, "पालवी फुटली की सांगावा धाडतो. रंग बघून जा."

गावातल्या मैत्रिणी विचारतात, तिकडं करमतं का? करमतं. आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर चैत्रात दोऱ्यांची रिळं पिशवीत घालून घरी जाते आणि झाडाखाली उभी राहून एकेक रीळ पानाला लावून बघते. आबा शेजारी उभे असतात. कधी मान हलवतात, कधी म्हणतात, "अजून जरा तांबडा पाहिजे." घर म्हटलं की मला तेवढंच दिसतं.